सेप्टिकचा पंप दुरुस्त करूनही पुन्हा पुन्हा बंद पडतो: मोटर बाहेर काढण्याआधी काय तपासावं

नागपूरच्या बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा या भागातल्या ले-आउटमध्ये ही तक्रार बारमाही आहे. मोटर रिवाइंड करून (आतली तारेची गुंडाळी, म्हणजे वायंडिंग, नव्याने भरून) आणली, दोन-तीन महिने चालली आणि पुन्हा तेच. कधी एमसीबी ट्रिप होते, कधी मोटर घुमते (नुसता घूं आवाज करते) पण पाणी फेकत नाही, कधी चालू झाली की बंदच होत नाही. मिस्त्री येतो, मोटर काढतो, वायंडिंग गेलं म्हणतो. वायंडिंग खरंच गेलेलं असतं. ते का गेलं हे मात्र कोणी बघत नाही, म्हणून नवी मोटरही त्याच वाटेने जाते.

सिमेंटचे रस्ते झाल्यापासून अनेक जुनी घरं रस्त्यापेक्षा खाली गेली. गडर लाइन (सांडपाण्याची सार्वजनिक लाइन) दारात आली तरी घरचं पाणी उताराने तिच्यात जात नाही. जिथे लाइन नाही तिथे शोषखड्डा आहे, पण काळ्या मातीत तो पावसाळाभर तुडुंब असतो. म्हणून सेप्टिक टँकच्या पुढे एक चेंबर, त्यात सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा) सांडपाणी पंप, फ्लोट (पाण्याच्या पातळीप्रमाणे पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच) आणि दोन इंची डिलिव्हरी पाइप अशी व्यवस्था केली जाते. पुढचं सगळं या व्यवस्थेला धरून आहे. पंप वेगळ्या चेंबरमध्ये नसून थेट सेप्टिक टँकमध्येच सोडला असेल तर बिघाड शोधत बसू नका. तो गाळ ओढणारच. टँकच्या आउटलेटला आधी वेगळं चेंबर बांधून घ्या.

आत कोणीही उतरायचं नाही

हे सगळ्यात आधी. झाकण उघडलं, वास फारसा नाही, म्हणजे आत गॅस नाही असं समजू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो आणि गाळ ढवळला की एकदम वर येतो. आत उतरलेला माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने असुरक्षित पद्धतीने सेप्टिक टँक साफ करायला माणूस उतरवणं हा गुन्हा आहे, काम सांगणारा घरमालकही त्यात येतो. सफाईची यांत्रिक सोय हवी असेल तर १४४२० ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे.

पंपाला स्टीलची साखळी किंवा जाड नायलॉनचा दोर आणि डिलिव्हरी पाइपवर हाताला लागेल अशा उंचीवर युनियन (खोलता येणारा जोड), एवढं असलं की पंप वरूनच ओढून काढता येतो. केबलला धरून पंप कधीच उचलू नका. केबल जिथे मोटरमध्ये शिरते तिथलं सील सैल होतं आणि त्याच वाटेने पुढे पाणी वायंडिंगपर्यंत जातं. झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद, आणि घरातलं दुसरं कोणी तो चालू करणार नाही याची सोय. उघड्या चेंबरजवळ बिडी, काडी, दिवा काही नको, आतला मिथेन पेट घेतो. लहान मुलं दूर.

घड्याळ, टेप आणि एक काठी

चेंबरची आतली लांबी-रुंदी मोजा. एक मीटर बाय एक मीटर असेल तर पाणी १० सेंटिमीटर चढलं म्हणजे १०० लिटर आलं. तीन फुटी सिमेंट रिंग असेल तर १० सेंटिमीटरला साधारण ६५ लिटर, ६० बाय ६० सेंटिमीटरच्या चेंबरला ३६ लिटर. काठीवर दर १० सेंटिमीटरला खूण करून ती वरूनच उभी सोडा.

पहिली मोजणी उतरण्याची. घरातले सगळे नळ बंद ठेवून पंप चालवा आणि खुणेखुणेला वेळ लिहा. दोन इंची पाइपवर पाच-सहा मीटर उंची चढवणाऱ्या एक एचपीच्या धड पंपाने १०० लिटर एका मिनिटाच्या आत-बाहेर काढायला हवेत. दोन मिनिटांच्या वर जात असेल तर कुठेतरी अडलंय. शिवाय दोन इंची पाइपमध्ये मिनिटाला ७० लिटरपेक्षा कमी पाणी वाहिलं की वेग इतका पडतो की बारीक गाळ पाइपातच बसायला लागतो, आणि अडथळा दर आठवड्याला वाढत जातो. पाइप मोठा करून हे सुटत नाही. तीन इंची पाइपला तोच वेग ठेवायला मिनिटाला सुमारे १६० लिटर लागतात. लहान पंपाला मोठा पाइप जोडणं म्हणजे गाळाला जागा करून देणं. सव्वा इंची पाइप जोडणं ही उलट टोकाची चूक, तो केसांच्या गुंत्यानेच बंद होतो.

दुसरी मोजणी चढण्याची. पंप बंद केल्यावर, नळ बंदच ठेवून, अर्धा तास पातळी बघा. पहिल्या मिनिटभरात पाणी झपकन चढून थांबलं तर ते पाइपातून परत आलं, म्हणजे एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) धरत नाही. सावकाश पण सतत चढत राहिलं तर घरातला एखादा फ्लश गळतोय किंवा जमिनीतून पाणी येतंय. यातलं कोणतं, ते ओळखायला गच्चीवरच्या टाकीचा गेटवॉल्व्ह बंद करून पुन्हा तासभर बघा. आता थांबलं तर फ्लश, तरीही चढतंय तर जमीन. तासाला दोन सेंटिमीटर ही चढ नजरेला काहीच वाटत नाही. पण एक मीटरच्या चेंबरमध्ये ते दिवसाला ४८० लिटर होतात. माणशी १३५ लिटर धरले तर पाच जणांचं घर दिवसाला ६७५ लिटर वापरतं. म्हणजे तुमचा पंप जवळपास दुसऱ्या एका कुटुंबाचं पाणी उपसतोय.

या दोन मोजण्यांचे आकडे मिस्त्री यायच्या आधी कागदावर असू द्या. निम्मं निदान तिथेच होतं.

एनआरव्ही, सगळ्यात दुर्लक्षित भाग

नळाच्या लाइनला लावतात तो पितळी स्प्रिंगवाला एनआरव्ही इथे सर्रास बसवलेला दिसतो. तो स्वच्छ पाण्यासाठी असतो. खोलून बघा: स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये केस गुंडाळलेले, त्यावर घासणीचे नायलॉनचे तंतू, त्यावर साबणाचा आणि तेलाचा राखाडी थर, सगळं मिळून बोटभर जाड गोळा. झडप तेवढ्याने दोन-तीन मिलिमीटर उघडी राहते. पाणी परत यायला तेवढी फट पुरते.

नुकसान किती, याचा हिशोब सोपा आहे. दोन इंची पाइपात मीटरला साधारण दोन लिटर पाणी मावतं. पाइप २० मीटर असेल तर पंप बंद झाल्याबरोबर जवळपास ४० लिटर परत चेंबरमध्ये. चेंबर ६० बाय ६० चं आणि फ्लोटचा टप्पा २० सेंटिमीटरचा असेल तर एका खेपेला पंप ७२ लिटर काढतो. त्यातले निम्म्याहून जास्त परत आले की पंप थोड्याच वेळात पुन्हा सुरू होतो. दर वेळी सुरू होताना मोटर चालू करंटच्या कितीतरी पट करंट ओढते, वायंडिंग तापतं, थंड व्हायला वेळ मिळत नाही. परत येणारं पाणी इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं चक्र) उलटाही फिरवतं, आणि तो उलटा फिरत असतानाच पंप सुरू झाला तर झटका आणखी मोठा. 'वायंडिंग गेलं' याचा उगम कित्येकदा इथे असतो.

उपाय म्हणजे सांडपाण्यासाठीचा बॉल टाइप किंवा पूर्ण तोंडाचा झडपवाला एनआरव्ही, पाइपच्याच मापाचा. तो खोल चेंबरमध्ये न ठेवता बाजूला फूट-दीड फूट खोल छोट्या चेंबरमध्ये घ्या, बाण वाहण्याच्या दिशेने, दोन्ही बाजूंना युनियन, आणि पुढे एक बॉल व्हॉल्व्ह. साफ करताना आधी तो पुढचा व्हॉल्व्ह बंद करायचा, नाहीतर पाइपातलं सगळं पाणी अंगावर येतं. तीन महिन्यांतून एकदा खोलून धुतला की पुरे.

एनआरव्ही नवा बसवल्यावर एक नवीनच तक्रार येते: मोटर चालते, आवाज नेहमीसारखा, पण थेंब बाहेर नाही. पंपाने हवा धरलेली असते. चेंबर रिकामं झाल्यावर पंपाच्या पोटात हवा शिरते आणि वर एनआरव्ही बंद असल्याने तिला निघायला वाट नसते. पंप आणि एनआरव्हीच्या मध्ये, डिलिव्हरी पाइपला पंपाच्या थोडं वर पाच मिलिमीटरचं एक भोक पाडा, तिरकं, खालच्या दिशेने. पंप चालताना तिथून बारीक धार पडेल, ती चेंबरमध्येच पडते, काही बिघडत नाही. ते भोक केसाने बुजतं, म्हणून फ्लोट पुसताना त्यातूनही तार फिरवायची. भोकाला एम-सील लावून 'गळती बंद' करणारे मिस्त्री भेटतात, त्यांना आवरा.

फ्लोट

मोटर बंदच होत नाही किंवा चालूच होत नाही, या दोन्हीत आधी फ्लोट बघा. स्वयंपाकघराचं पाणीही याच टँकमध्ये येत असेल तर फ्लोटवर तेलाचं पांढरट कवच चढतं. हिवाळ्यात ते मेणासारखं घट्ट होतं. फ्लोट जड होतो, वळत नाही, भिंतीला चिकटून लटकतो. काठीने उचलून बघा: वर उचलला की पंप सुरू, खाली सोडला की बंद. एवढ्याने बिघाड फ्लोटच्या जागेचा की आतल्या स्विचचा, ते कळतं.

फ्लोट भिंतीपासून आणि पाणी पडतं त्या पाइपच्या तोंडापासून किमान वीतभर लांब हवा. बांधलेल्या जागेपासून सुटी सोडलेली केबल जितकी लांब, तितका चालू आणि बंद यातला टप्पा मोठा. लहान चेंबरमध्ये केबल लांब सोडली तर फ्लोट पंपालाच गुंडाळतो. बंद होण्याची पातळी पंपावरच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नका. सबमर्सिबल मोटर भोवतीच्या पाण्याने थंड होते, पाण्याबाहेर उघडी पडून रोज चालली की सील आणि वायंडिंग दोन्ही भाजतात. महिन्यातून एकदा फ्लोट वर ओढून फडक्याने पुसा. ॲसिड नको, केबलचं आवरण कडक होऊन तडकतं.

गाळ पंपापर्यंत येतोच का?

बरोबर चालणाऱ्या सेप्टिक टँकमधून पंपाकडे गढूळ पाणी यावं, मैला नाही. चेंबरमध्ये तुकडे आणि घट्ट काळा गाळ दिसत असेल तर बिघाड टँकमध्ये आहे. लांब बांबूच्या खालच्या तीन-चार फुटांना जुना पांढरा टॉवेल गुंडाळून तो टँकच्या तळापर्यंत सावकाश न्या, दोन-तीन मिनिटं धरून सरळ वर काढा. टॉवेलवर काळा भाग जिथपर्यंत, तिथपर्यंत गाळ. खालचा गाळ आणि वरची साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत आली की उपसा गाडी बोलवायची. साधारण कुटुंबात ही वेळ दोन ते तीन वर्षांनी येते. 'दहा वर्षांत कधी भरली नाही' असं अभिमानाने सांगितलं जातं तेव्हा बहुतेक वेळा टाकी गाळाने भरलेलीच असते आणि मैला पुढे निघून चाललेला असतो.

गाडी आली की दोन गोष्टी बघून घ्या. आउटलेटला टी (इंग्रजी T आकाराचा जोड) आहे का, आणि तिचा खालचा पाय पाण्यात साधारण फूटभर बुडतो का. ही टी नसेल किंवा तुटली असेल तर वरची साय सरळ पंपाकडे जाते. दुसरं, इनलेट आउटलेटपेक्षा पाच सेंटिमीटर तरी वर आहे का. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, त्यामुळे टँक आणि चेंबरमधला पाइप कालांतराने खचून उलट्या उताराला लागलेला आढळतो. उपसल्यावर तळाशी थोडा गाळ राहू द्या, नव्या मैल्याला कुजवायला त्यातले जिवाणू लागतात. लगेच साधं पाणी भरून टँक सुरू करा. प्लास्टिकची टाकी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पूर्ण रिकामी करू नका. भोवती जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं आणि रिकामी टाकी पाइप तोडून वर उचलली जाते. उपसलेला मैला कुठे टाकणार, हे गाडीवाल्याला विचारा. नाल्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकणाऱ्याला काम देऊ नका.

इंपेलरमध्ये अडकलेलं काय निघतं, तर सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, केस, दोरा आणि आपल्याकडे खास करून खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) प्लास्टिकच्या पन्न्या. पन्नी कुजत नाही, इंपेलरच्या दांड्याला गुंडाळते आणि सील कापते. यावर सरसकट कटर पंप (आलेले तुकडे कापून पुढे ढकलणारा) सुचवला जातो. आमच्या मते टँकमधून निथळून येणाऱ्या पाण्याला कटरची गरज नाही. संडासाची लाइन थेट चेंबरमध्ये पडत असेल तरच तो घ्यावा. पन्नी कटरलाही जुमानत नाही. संडासात झाकणाचा छोटा डबा ठेवला तर कटरच्या किमतीचे पैसे वाचतात.

विजेची बाजू

आधी नक्की कोण ट्रिप होतं ते बघा. एमसीबी किंवा ओव्हरलोड पडत असेल तर मोटर जास्त करंट ओढते आहे. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर करंट जमिनीत गळतो आहे, म्हणजे कुठेतरी पाणी शिरलं आहे. दुसऱ्या प्रकारात आरसीसीबी काढून थेट जोडणी करून देणारे असतात. ओल्या चेंबरजवळ हे जिवावर बेततं, काहीही झालं तरी करू देऊ नका. आधी केबलचा जोड शोधा. तो चेंबरच्या आत टेप गुंडाळून केलेला असेल तर गळती तिथेच आहे. जोड चेंबरच्या बाहेर, जमिनीपासून वर, बंद डब्यात हवा. केबल अखंड हवी.

क्लॅम्प मीटरने चालू करंट मोजा आणि मोटरच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून बघा. एक एचपी सिंगल फेजला तो साधारण पाच ते सात अँपियर असतो. पाटीपेक्षा जास्त म्हणजे इंपेलर अडतो आहे, बेअरिंग गेली आहे किंवा व्होल्टेज कमी आहे. पाटीपेक्षा बराच कमी आणि पाणीही कमी, म्हणजे पाइप तुंबला आहे किंवा हवा धरली आहे. हा दुसरा भाग अनेकांना उलटा वाटतो, पण या पंपात पाणी अडलं की मोटरवरचा भार कमी होतो.

मे महिन्यात संध्याकाळी कूलर-एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज पडतं. पंप सुरू होताना पॅनलवर १९० च्या खाली जात असेल तर मोटर नुसती घुमेल. पॅनलपासून पंपापर्यंत ३० मीटर दीड स्क्वेअर मिलिमीटरची केबल असेल तर सुरू होतानाच्या २५-३० अँपियरला तिच्यातच २० व्होल्टच्या आसपास पडतात. अडीच स्क्वेअरची टाकली की ही पड बारा-तेरा व्होल्टपर्यंत येते. घुमणाऱ्या मोटरचा दुसरा संशयित कपॅसिटर. पत्र्याचा पॅनल पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात असेल तर नागपूरच्या ४५ अंशांत कपॅसिटर टिकत नाही. मीटरवर मोजलेले मायक्रोफॅरड छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरले तर बदला, त्याच मापाचा आणि ४४० व्होल्टचाच. हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातही पाणी घालत जा, काळी माती सुकून भेगाळली की अर्थिंग नावापुरतं उरतं.

पावसाळा

जमिनीतून पाणी येतंय असं मोजणीत दिसलं तर उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी खाली गेलेलं असताना, चेंबरच्या रिंगांचे सांधे आणि पाइप शिरतो ती जागा वॉटरप्रूफ सिमेंटने भरून घ्या. हे कामही वरून हात पोचेल तेवढंच, खालचे सांधे यंत्रणा आणि माणसं असलेल्या ठेकेदाराकडून. गच्चीचा पाइप या चेंबरमध्ये सोडलेला असेल तर तो आजच वेगळा करा. झाकणाची कड अंगणापेक्षा चार-सहा इंच वर हवी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा खाली लावलेले पॅनल बुडणार हे ठरलेलंच होतं. पॅनल छातीच्या उंचीवर, सावलीत.

डिलिव्हरी पाइपचं तोंड गडरच्या चेंबरमध्ये वाहत्या पाण्याच्या वर उघडायला हवं. जोराच्या पावसात गडर लाइनच भरून वाहते, तेव्हा पंप कितीही चालवला तरी पाणी फिरून येतं. तासभर पंप बंद ठेवून घरातलं पाणी कमी वापरणं एवढंच हातात असतं. सेप्टिकचं पाणी पावसाळी नालीत सोडू नका, ते शेजाऱ्यांच्या दारात आणि पुढे नदीत जातं.

नवी मोटर कधी घ्यायची

वरचं सगळं बघून झाल्यावर मोटर बाहेर काढा, धुवा, केबल पॅनलपासून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरने) वायंडिंग आणि बॉडीमधला रेझिस्टन्स मोजायला लावा. एक मेगओहमच्या खाली असेल आणि वाळवूनही वर येत नसेल तर रिवाइंडिंग किंवा नवी मोटर. ऑइल चेंबरचं तेल दुधाळ झालं असेल तर सील गेलं आहे, वायंडिंग अजून शाबूत असेल तर नुसतं सील आणि तेल बदलून भागतं. दांडा हाताने बाजूला हलत असेल तर बेअरिंग. नवा पंप घेताना दुकानात एचपी सांगून थांबू नका. किती मीटर उंची, पाइपची लांबी, किती वळणं, मिनिटाला किती लिटर, किती मिलिमीटरचा कण जाऊ शकतो, हे सांगा आणि त्या उंचीवर तो मिनिटाला किमान १०० लिटर देतो का, हे कंपनीच्या तक्त्यात बघून घ्या. आडव्या पाइपात एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड वापरा. पंप तळावर टेकवू नका, खाली चार इंचांचा विटांचा किंवा स्टीलचा ओटा द्या.